आच्छादन आणि संहिता : इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या पॅनेलवरील अक्षरांचा विचार

१

इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या दर्शनी पत्र्यावर छापलेली अक्षरे हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे विधान प्रथमदर्शनी धाडसाचे वाटण्याचा संभव आहे. व्हायोलिनवर बोट कोठे ठेवावे हे लिहिलेले नसते. तंबोऱ्याच्या खुंटीवर ‘पंचम’ असे कोणी कोरीत नाही. पारंपरिक वाद्याची रचना डोळ्यांसमोर उघडी असते. तार ताणली की स्वर चढतो, ही गोष्ट हाताला व कानाला एकाच वेळी कळते. सिंथेसायझरची स्थिती याहून निराळी आहे. त्याचे अंतरंग पत्र्याआड असते. एकासारखे एक असे वीस-पंचवीस नॉब समोर असतात. आणि त्यांपैकी कोणता फिरविला असता नादाचे काय होईल, हे आधी सांगणारी एकच गोष्ट तेथे असते, ती म्हणजे नॉबशेजारी छापलेला शब्द. वाद्य हाती घेणारा प्रथम वाचतो आणि मग वाजवितो. म्हणून पॅनेलवरील अक्षरे ही त्या वाद्याची संहिता आहे, असे मानावयास हरकत नाही.

या संहितेवर दुसऱ्या कोणी रचलेला पातळ छापील थर चढविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. नॉब, जॅक व दिवे यांच्या जागी छिद्रे पाडलेला हा थर कागदाचा, प्लॅस्टिकचा किंवा क्वचित धातूचा असतो. त्याला ‘ओव्हरले’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘आच्छादन’ हा शब्द योजिला आहे. मूळ अक्षरे झिजली, वाचण्यास कठीण वाटली, वाद्याचे अंतरंग बदलले, किंवा मुळात तेथे अक्षरेच नव्हती, अशा कारणांनी वादक आपल्यापुरते आच्छादन तयार करतात. त्याची वाखाणणी वा निंदा होते ती बहुधा रंगसंगतीवरून आणि अक्षरांच्या वळणावरून. सजावट म्हणून त्याकडे पाहण्याची ही दृष्टी अपुरी आहे. आच्छादन ही मूळ संहितेवरील टीका होय, आणि टीकेला लावावयाच्या कसोट्याच तिला लावल्या पाहिजेत.

तथापि या टीकेत आणि आपल्या परिचयाच्या टीकेत एक महत्त्वाचा भेद आहे. त्रिपाठ पद्धतीच्या हस्तलिखित पोथीत मूळ मधोमध मोठ्या अक्षरांत असते आणि टीका त्याच्या वर व खाली लहान अक्षरांत लिहिलेली असते. टीकाकार चुकला तर वाचकाची नजर दोन बोटे सरकून मुळाकडे जाऊ शकते. आच्छादनाची टीका मात्र मुळावर बसते आणि त्याला झाकून टाकते. ते लावल्यानंतर वादकाजवळ पडताळा पाहण्यास काही उरत नाही. आच्छादनकाराची जबाबदारी सामान्य टीकाकाराहून जड आहे, ती या कारणाने.

२

आच्छादनाचे मूल्यमापन करण्यापूर्वी ज्या संहितेवर ते चढते तिचे स्वरूप पाहिले पाहिजे. एकाच सर्किटाला निरनिराळी नावे देता येतात, आणि प्रत्येक नावाबरोबर वाद्याकडे पाहण्याची एक दृष्टी येते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे नादाच्या चढउताराला आकार देणारे ‘एन्व्हलप जनरेटर’ हे अंग.

रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग येथे आपल्या मॉड्यूलर सिंथेसायझरचे काम आरंभिले. पुढच्याच वर्षी कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्राचे व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी चार टप्प्यांच्या एन्व्हलपची कल्पना मांडली. मूग यांच्या ९११ क्रमांकाच्या मॉड्यूलवर ती ‘टी-१’, ‘टी-२’, ‘टी-३’ आणि ‘ई-सस’ अशा खुणांनी अवतरली. टी म्हणजे काल आणि ई म्हणजे विद्युत्-दाब. ही अभियंत्याच्या वहीतील भाषा आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र अगदी स्वच्छ दिसते: चार नॉबांपैकी तीन काल मोजतात आणि चौथा पातळी मोजतो. पुढे ॲलन पर्लमन यांच्या ‘आर्प’ कंपनीने याच चार अंगांना ‘अटॅक’, ‘डिके’, ‘सस्टेन’, ‘रिलीज’ ही सोपी नावे दिली, आणि आज जगभर हीच नावे चालतात. ती वादकाच्या जिभेवर चटकन बसली, कारण ती आघात करून वाजविलेल्या वाद्याच्या अनुभवातून आलेली आहेत. परंतु सोपेपणा आला तेव्हा भेद गेला. चारही शब्द एका जातीचे दिसू लागले. ‘सस्टेन’ हा काल नसून पातळी आहे, ही गोष्ट प्रत्येक नवशिक्याला निराळी सांगावी लागते. आणि ती सांगावी लागते याचे कारण ती पॅनेलवरून पुसली गेली आहे.

१९७० च्या मिनिमूगवर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. त्याच्या एन्व्हलपला नॉब तीनच. चौथ्या टप्प्याचे, म्हणजे पट्टीवरून बोट उचलल्यानंतरच्या विरण्याचे, काम डिकेचाच नॉब करतो. मात्र त्यासाठी डाव्या हाताच्या चाकांजवळचे एक निराळे बटण चालू असावे लागते. ते बंद असेल तर बोट उचलताच नाद तुटतो. म्हणजे त्या नॉबवरील शब्द किती खरा आहे, हे दूर अंतरावरील एका बटणावर अवलंबून राहते. मूळ पॅनेल हा संबंध दाखवीत नाही. येथे एखाद्या आच्छादनकाराने दोन्ही जागी एकच बारीक खूण छापली, तर त्याने मुळात अनुक्त राहिलेला अर्थ व्यक्त केला असे होईल. उत्तम टीकाकाराचे काम याहून वेगळे नसते.

डॉन बुक्ला यांची दृष्टी या दोहोंहून भिन्न होती. रेमन सेंडर आणि मॉर्टन सबॉटनिक यांच्या सांगण्यावरून सॅन फ्रॅन्सिस्को टेप म्युझिक सेंटरसाठी त्यांनी १९६० नंतरच्या दशकात आपली यंत्रणा रचली. ऐकावयाचा संकेत आणि नियंत्रण करणारा संकेत यांसाठी त्यांनी दोन निराळ्या जातींचे जॅक वापरले. हा भेद अक्षरांत न ठेवता त्यांनी तो वस्तूतच ठेवला. चुकीची जोडणी करू पाहणाऱ्याचा हात तेथे आपोआप थांबतो. दुसरे असे की, यदृच्छेने बदलणारे विद्युत्-दाब निर्माण करणाऱ्या मॉड्यूलाला त्यांनी ‘अनिश्चिततेचा स्रोत’ या अर्थाचे नाव दिले. ते नाव सर्किटाची घटना सांगत नाही आणि जुन्या वाद्याची आठवणही करून देत नाही. संगीतकाराने त्या वस्तूचा उपयोग कोणत्या हेतूने करावा हे सुचविते. अशा पॅनेलवर कोणी ‘रँडम व्होल्टेज’ असे सरळ आच्छादन चढविले तर माहिती कायम राहील, परंतु विचार नाहीसा होईल. स्पष्टीकरण आणि सपाटीकरण यांतील सीमारेषा येथे दिसते.

३

पॅनेल ही संहिता आहे हे ज्या वाद्यात सर्वाधिक स्पष्टपणे प्रत्ययास येते, ते म्हणजे सर्ज चेरेपनिन यांचे मॉड्यूलर सिंथेसायझर. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स येथे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, महागड्या यंत्रांना पर्याय म्हणून, ते आकारास आले. अनेकांनी आपापली यंत्रे स्वतःच्या हातांनी जोडली. या आरंभीच्या यंत्रांच्या पत्र्यांवर रेखाटन केलेला कागद चिकटविलेला असे, आणि त्यामुळे पुढे त्यांना ‘पेपरफेस’ हे नाव पडले. म्हणजे येथे आच्छादन हीच मूळ संहिता होती. तिच्यात शब्द थोडे आणि आकृत्या अधिक. जॅकच्या रंगांना अर्थ नेमून दिलेला होता: काळा ऐकावयाच्या संकेताचा, निळा नियंत्रणाच्या विद्युत्-दाबाचा, तांबडा क्षणिक स्पंदाचा.

शब्द कमी ठेवण्यामागे केवळ काटकसर होती असे म्हणता येत नाही. चेरेपनिन यांच्या ‘ड्युअल युनिव्हर्सल स्लोप जनरेटर’ या मॉड्यूलाकडे पाहिले म्हणजे कारण ध्यानात येते. या सर्किटाला एवढेच येते की, आलेल्या विद्युत्-दाबाच्या चढण्याचा व उतरण्याचा वेग मर्यादित करावयाचा. पण तेवढ्यातून किती गोष्टी निष्पन्न होतात! त्याला एक स्पंद दिला तर ते एन्व्हलप होते. त्याचाच शेवटचा स्पंद वायरने त्याच्या आरंभाला जोडला तर ते पुन्हा पुन्हा फिरू लागते, आणि वेग वाढविला तर ऐकू येणारा स्वर देते. पायऱ्यापायऱ्यांनी बदलणारा दाब त्यात सोडला तर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण मिळते. ऐकावयाचा संकेत सोडला तर ते ओबडधोबड फिल्टरचे काम करते. स्पंदांची मालिका सोडली तर तिला भागून देते. अशा अंगाला ‘एन्व्हलप’ असे नाव दिले तर एक अर्थ खरा ठरेल आणि चार अर्थ वादकाच्या दृष्टीआड होतील. या वस्तूचे कार्य नावाने ठरत नाही, जोडणीने ठरते.

चेरेपनिन यांच्या या कल्पनेचा वारसा सांगणारे ‘मॅथ्स’ हे मॉड्यूल उत्तर कॅरोलायनातील ‘मेक नॉइज’ या कंपनीने काढले. त्याच्या नॉबांवर ‘राइज’ आणि ‘फॉल’ असे शब्द आहेत. हे शब्द फार विचारपूर्वक योजिलेले आहेत. ‘अटॅक’ म्हटले की आघात आला, आघात आला की वाद्य आले, आणि वाद्य आले की आरंभ व अंत असलेला एकेक स्वर आला. ‘राइज’ म्हटले की केवळ चढणे राहते. ते काय चढते हे वादकाने ठरवावयाचे. सर्किटाची भाषा, वाद्यपरंपरेची भाषा आणि क्रियेची भाषा अशा तीन भाषा मानल्या, तर हे तिसऱ्या भाषेचे उदाहरण होय. या मॉड्यूलावरील रेषा व चिन्हे यांची दाटी मात्र डोळ्यांना शिणविते, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. रेषांचा अर्थ एकदा समजला की त्या वाटाड्याचे काम करतात. न समजल्यास वाटेतील झुडपे होतात. म्हणून त्यावर स्वच्छ आच्छादन चढविण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पण स्वच्छतेच्या भरात कोणी ‘राइज’ खोडून ‘अटॅक’ लिहिले, तर अक्षर सुधारले आणि अर्थ बिघडला असे म्हणावे लागेल. अशा आच्छादनाखाली वाजवू लागलेला वादक त्या मॉड्यूलातून वर्षभर एन्व्हलपच काढीत राहील, आणि आपले काय हरपले याची त्याला कल्पनाही येणार नाही.

४

आतापर्यंतच्या विवेचनात मूळ संहिता प्रमाण आणि आच्छादन संशयास्पद, असे गृहीत धरले गेले. पण याच्या उलट स्थितीही संभवते. अंतरंगात संगणकीय प्रणाली असलेल्या वाद्यांत पत्रा तोच राहून आतील मजकूर बदलता येतो.

पॅरिस येथील एमिली जिले यांच्या ‘म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स’ या संस्थेने २०१४ मध्ये ‘क्लाउड्स’ हे मॉड्यूल काढले. आत आलेल्या ध्वनीचे सूक्ष्म कण करून त्यांची फेरमांडणी करणे हे त्याचे कार्य, आणि त्याच्या नॉबांवरील ‘पोझिशन’, ‘साइझ’, ‘डेन्सिटी’, ‘टेक्स्चर’ हे शब्द त्या कणांनाच उद्देशून आहेत. संस्थेने आपल्या मॉड्यूलांची सर्किटे व प्रणाली खुली केली होती. तिचा लाभ घेऊन मात्यास प्युएश यांनी ‘पॅरासाइट्स’ या नावाची पर्यायी प्रणाली रचली. तिच्या एका प्रकारात क्लाउड्स हे घुमाऱ्याचे यंत्र बनते. तेथे ‘डेन्सिटी’चा नॉब घुमारा किती काळ विरत राहील हे ठरवितो आणि ‘पोझिशन’चा नॉब घुमारा सुरू होण्यापूर्वीचा विलंब ठरवितो. पत्र्यावर मात्र कणांचेच शब्द राहतात. जुन्या बांधणीच्या आत नवे पुस्तक शिवावे, तसा हा प्रकार होय.

या स्थितीत मूळ पॅनेल असत्य बोलते आणि आच्छादन सत्य बोलू शकते. पण तेही केव्हा? एकाच यंत्रात चार-पाच प्रकार बदलता येत असतील, तर प्रत्येक प्रकाराचे शब्द एकाच नॉबभोवती छापावयाचे की एकच प्रकार निवडून बाकीच्यांवर पाणी सोडावयाचे, हा निर्णय आच्छादनकाराला घ्यावा लागतो. सर्व शब्द छापले तर पाठभेदांसह प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीसारखे पॅनेल होते: विद्वानाला उपयोगी, पण मैफलीत निरुपयोगी. एकच छापला तर वाचन सुलभ होते, पण ते अर्धसत्य ठरते. यातून काढलेला एक मार्ग म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी निराळे, काढता-घालता येईल असे आच्छादन करणे. मूळ झाकल्याचा दोष त्यात पुष्कळ अंशी दूर होतो, कारण हाताने थर उचलला की मूळ पुन्हा दिसते.

तिसरी स्थिती याहून साधी आहे. ‘बेहरिंगर बीसीआर २०००’ यासारख्या नियंत्रकावर ३२ फिरते नॉब असतात, परंतु ते कशाचे नियंत्रण करणार हे वापरणाराच ठरवितो. तेथे कंपनीने नाव छापणे शक्यच नसते. अशा निनावी नॉबांवर चढविलेले आच्छादन ही टीका नसून पहिली संहिताच होय, आणि त्याच्या कर्त्याला टीकाकाराच्या मर्यादा लागू होत नाहीत. मात्र स्वतः ठरविलेला क्रम सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही, हा अनुभव सार्वत्रिक असल्याने स्पष्टतेची जबाबदारी तेथेही सुटत नाही. लंडनच्या ईएमएस कंपनीने १९६९ च्या आपल्या व्हीसीएस-३ या वाद्यासाठी पॅनेलचे चित्र छापलेले कोरे तक्ते पुरविले होते, ते याच कारणाने. नॉबांच्या जागा आणि १६ गुणिले १६ घरांच्या फळीवरील खुंट्या त्यावर टिपून ठेवावयाच्या असत. ते तक्ते पॅनेलवर बसत नसत, शेजारी राहत. मूळ न झाकता टीका कशी करावी याचा तो नमुना होय.

५

आच्छादनाचे सत्यासत्य केवळ शब्दांवर अवलंबून नसते; ते द्रव्यावर व मापावरही अवलंबून असते. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या युरोरॅक पद्धतीत पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर असते आणि रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत मोजली जाते. प्रत्यक्ष पत्रा मात्र त्या पटीहून किंचित अरुंद कापतात. ८ पटींचा पत्रा हिशेबाने ४०.६४ मिलिमीटर व्हावा, तो ४०.३ चा असतो. हे ध्यानात न घेता केलेले आच्छादन शेजारच्या मॉड्यूलावर चढते. छपाईच्या वेळी ‘पानात बसवा’ ही सूचना चालू राहिली आणि चित्र तीन टक्क्यांनी आकसले, तर १२८.५ मिलिमीटरांत जवळजवळ चार मिलिमीटरांची चूक होते, आणि खालच्या ओळीतील एकही छिद्र जॅकवर येत नाही. म्हणून जाणकार प्रथम साध्या कागदावर पूर्ण मापाची प्रत काढतात आणि ती पत्र्यावर ठेवून पाहतात.

द्रव्यांत पॉलिकार्बोनेटचा पातळ पत्रा टिकाऊ. त्याच्या मागील बाजूस उलटी छपाई करतात, त्यामुळे शाई बोटांच्या घर्षणापासून सुरक्षित राहते. कागद स्वस्त आणि तत्काळ मिळणारा. पण जॅकवरील नट आवळताना तो नटाबरोबर पिळवटतो, म्हणून मध्ये वॉशर घालणे इष्ट. जाड थर घेतल्यास नटाला पकडण्यास आटे पुरत नाहीत. ही कारागिरीची अंगे समीक्षकाने उपेक्षणीय मानू नयेत. कारण तिरका बसलेला थर म्हणजे चुकीच्या नॉबला जोडलेला शब्द.

नॉबभोवतीच्या अंकांचेही असेच आहे. नॉब साधारण ३०० अंशांत फिरतो. शून्य ते दहा असे अंक मांडले तर दर ३० अंशांवर एक येतो. हे वर्तुळ नीटनेटके दिसते. परंतु आतील पोटेन्शियोमीटर लॉगरिदमिक जातीचा असेल, तर नॉब मध्यावर असताना रोध पूर्ण किमतीच्या दहा ते पंधरा टक्क्यांइतकाच असतो. तेथला ‘५’ हा आकडा हाताची जागा सांगतो, राशी सांगत नाही. ज्या नॉबाने निश्चित स्वरांतर मिळावयाचे, तेथे समान अंतरावरील अंक फसवितात. ज्या नॉबाची जागा फक्त लक्षात ठेवावयाची, तेथे ते पुरेसे असतात. हा विवेक न करता सर्वत्र एकच वर्तुळ छापणे ही आच्छादनांत वारंवार आढळणारी उणीव आहे. तीच गोष्ट शब्दाच्या जागेची. नॉबच्या खाली छापलेला शब्द फिरविणाऱ्या हाताखाली झाकला जातो, जॅकच्या खाली छापलेला लोंबणाऱ्या वायरीखाली. शब्द वर असावा, आणि बाहेर पडणाऱ्या संकेताचे जॅक भरीव पार्श्वभूमीने वेगळे दाखवावेत, हा पुष्कळ निर्मात्यांनी स्वीकारलेला संकेत आच्छादनाने मोडू नये.

६

आतापर्यंत उल्लेखिलेले सर्व शब्द इंग्रजी आहेत, आणि ते तसेच भारतात आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्रणा उभारली. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या वाद्यांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. रागाचे व्याकरण एका भाषेत आणि पॅनेलवरील आज्ञा दुसऱ्या भाषेत, असा हा प्रसंग होता. अशा वाद्यासाठी मराठी आच्छादन करावयाचे ठरविले तर काय होईल, हा प्रश्न केवळ भाषाभिमानाचा नाही. पूर्वी केलेल्या विवेचनाची ती कसोटी आहे.

टीबी-३०३ वर ‘स्लाइड’ असे एक बटण आहे. मराठी वाचकाला त्यासाठी ‘मींड’ हा शब्द सहज सुचेल, आणि तो नेमका चुकीचा ठरेल. त्या यंत्रातील घसरणीचा काल ठरलेला आहे. वादकाला तेथे ‘हवी’ किंवा ‘नको’ एवढेच सांगता येते. मींडेत वाटेवरील श्रुतींना स्पर्श करण्याची, रेंगाळण्याची, वेग बदलण्याची मोकळीक गृहीत असते. ‘मींड’ असे छापणे म्हणजे यंत्राजवळ नसलेले वैभव त्याच्या नावावर चढविणे होय. ‘घसरण’ हा शब्द कमी सुंदर असला तरी खरा आहे. त्याचप्रमाणे ‘रिलीज’साठी ‘आस’ हा शब्द मोहक वाटतो. पण आस ही तारेच्या अंगची लांबण आहे, आणि ‘रिलीज’ हा बोट उचलल्यानंतर यंत्राने मोजून दिलेला काल आहे. याउलट ‘राइज’ आणि ‘फॉल’ यांसाठी ‘चढ’ आणि ‘उतार’ हे शब्द मुळाइतकेच, किंबहुना थोडे अधिक, नेमके आहेत. ते लहान आहेत, क्रियेपलीकडे काही सांगत नाहीत, आणि नादापुरते मर्यादितही नाहीत. परंपरेच्या भाषेतील नावे भाषांतरात खोटी पडतात आणि क्रियेच्या भाषेतील नावे तग धरतात, हा निष्कर्ष येथे मिळतो. मूळ नामकरण कोणत्या भाषेत झाले होते, हे ओळखण्याचे भाषांतर हे एक साधनच ठरते.

लिपीचा प्रश्नही लक्षात घेतला पाहिजे. रोमन मोठी अक्षरे एका मजल्यात मावतात. देवनागरीला तीन मजले लागतात: वर मात्रा व वेलांटी, मध्ये अक्षर, खाली उकार. दोन मिलिमीटर उंचीत रोमन शब्द वाचता येतो. तेवढ्याच उंचीत ‘तीव्रता’ या शब्दातील जोडाक्षर बुजते, कारण सर्किट-फलकांवर छापल्या जाणाऱ्या रेषेची किमान जाडी ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते आणि रेषांमधील फटी शाईने भरतात. म्हणून मराठी आच्छादनात शब्द लहान, जोडाक्षरे कमी आणि ओळींतील अंतर अधिक असणे हे सौंदर्याचे नव्हे, वाचनीयतेचे नियम होत.

७

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खरा वादक पॅनेल वाचीत नाही, तो ऐकतो. ‘सिॲट-लाँबार्ड’ या नावाने पीटर ब्लॅसर यांनी केलेल्या लाकडी वाद्यांवर अक्षरे जवळजवळ नसतातच. तेथे चाचपडणे हाच शिकण्याचा मार्ग ठेवलेला आहे. हा आक्षेप वरील विवेचनाला बाधक न होता पोषकच ठरतो. अक्षरे गाळणे हाही एक जाणीवपूर्वक केलेला निर्णय आहे, आणि अशा वाद्यावर सर्व जॅकांची नावे लिहिलेले आच्छादन चढविणारा त्या निर्णयाचे खंडन करीत असतो. ते त्याने खुशाल करावे. पण आपण काय करीत आहोत हे जाणून करावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच खोक्यात दहा निर्मात्यांची मॉड्यूले बसविणाऱ्याला दहा हस्ताक्षरे वाचावी लागतात. अंधाऱ्या रंगमंचावर ती एकसारखी असणे ही त्याची वास्तविक गरज आहे. ‘ग्रेस्केल’ या अमेरिकन संस्थेने इतरांच्या मॉड्यूलांसाठी केलेली पर्यायी पॅनेले या गरजेतूनच लोकप्रिय झाली. पत्रा बदलणे आणि त्यावर थर चढविणे यांत तांत्रिक भेद असला, तरी वाचकाच्या दृष्टीने परिणाम सारखाच. या गरजेचा आदर केलाच पाहिजे. तरीही एकरूपता किती खोल जाते हे पाहावयास हवे. अक्षराचे वळण, आकार, रंग, शब्दाची जागा यांत एकरूपता आणली तर वाचन सुधारते. ती शब्दांपर्यंत पोचली आणि बुक्लाचा ‘अनिश्चिततेचा स्रोत’, चेरेपनिनची निनावी उतरंड व आर्पची आघाताची भाषा यांना एकाच कोशातील नावे मिळाली, तर दहा निर्मात्यांचे दहा विचार जाऊन त्यांच्या जागी एक सोयीची सूची येते.

आच्छादनाचे मोल ठरविताना चार गोष्टी विचारात घ्याव्यात, असे म्हणता येईल. मुळातील एखादे तथ्य, म्हणजे संकेताची दिशा, आतील जोडणी, काल व पातळी यांचा भेद, त्यातून गळाले आहे काय? मूळ नावाची भाषा बदलली असल्यास तिच्यामुळे वाद्याच्या शक्यता वाढल्या की आकसल्या? मुळाने न सांगितलेले, पण सर्किटात असलेले, काही नव्याने दृश्य झाले काय? आणि शेवटी, ते काढता येते काय? पहिल्या तीन कसोट्यांना उतरलेले आच्छादनही कायमचे चिकटविलेले असेल, तर पुढच्या वाचकाचा मुळाशी असलेला संबंध ते तोडते. आणि वाद्ये तर हातोहात जातात, आज एकाच्या घरी असलेले यंत्र उद्या दुसऱ्याकडे पोचते. ज्याने तो थर लावला त्याला खालचे शब्द आठवत असतात. ज्याच्या हाती ते वाद्य नंतर येईल त्याला ते कधी होते हेही ठाऊक नसते. त्या अनोळखी वादकासाठी कडेला बोटाने उचलता येईल इतकी जागा मोकळी ठेवणे, हे चांगल्या आच्छादनकाराचे शेवटचे काम होय.